कुंडाचं चाळिसावं

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी गरम कुंडाच्या फाटकाला साखळी लागली. खालून पाणी आणणारी नळी फुटली आहे, दुरुस्त होताच कुंड उघडेल, असा कागद फाटकावर लटकत होता. ती दुरुस्त होणार नाही हे गावाने कागद वाचतानाच ओळखलं.

दोन्का आंगेलाकोवाने तो कागद वाचला, टॉवेलची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ती घरी फिरली. पाण्याचं तिला विशेष नव्हतं. तिचे गुडघे त्या पाण्याने कधी बरे झाले नव्हते. तिचा जीव अडकला होता शनिवारात.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच वर्षी थोरल्या ल्यूबेनने बापाच्या मधमाश्यांच्या पेट्या बहिणीला न विचारता देऊन टाकल्या आणि रुमेनाने भावाशी बोलणं सोडलं. दोघं प्लॉवदिवमध्ये राहायची, शहराच्या दोन टोकांना. शनिवारी मात्र दोघंही यायची, आपापल्या गाडीने, आणि आईला मध्ये घेऊन लहानपणच्याच कोपऱ्यात, पायऱ्यांपाशी, गळ्यापर्यंत पाण्यात बसायची. पाण्यात कुणाकडे बघावं लागत नाही. वर तेवढी तोंडं, मध्ये वाफ. ल्यूबेन म्हणे, आज पाणी जरा कोमट आहे. बऱ्याच वेळाने रुमेना वाफेलाच सांगितल्यासारखं म्हणे, मागच्या वेळी बरं होतं. तेवढ्यावर दोन्का आठवडा काढी.

आता उरलं जेवणाचं टेबल. पहिल्या शनिवारी दोघं टेबलाशी समोरासमोर आली आणि काट्याचमच्यांचाच आवाज होत राहिला. अर्ध्या तासात ल्यूबेनला काम आठवलं. पुढच्या शनिवारी रुमेनाचं डोकं दुखत होतं. तिसऱ्याला तिघं शेजारच्या शहरातल्या नव्या तलावावर गेली. तिथे कर्णे वाजत होते, रबरी चाकं तरंगत होती. एक या काठाला पडलं, दुसरं त्या काठाला, आणि दोन्का मध्ये छत्रीखाली बसून दोघांच्या चपला राखत राहिली. त्यानंतर कुणीच आलं नाही.

सप्टेंबरात कुंड बंद झाल्याचा चाळिसावा दिवस आला; माणूस गेल्यावर या दिवशी त्याच्या नावाने गहू वाटतात. तो शनिवारीच आला. दोन्का छपाईच्या दुकानात गेली आणि काळ्या चौकटीचा कागद मागितला, मेलेल्या माणसाचा दारावर, झाडावर, बसथांब्यावर चिकटवतात तसला. दुकानातल्या पोरीने नाव विचारलं. कुंड, असं दोन्का म्हणाली. पोरीला नवल वाटलं नाही. गेल्या वर्षी तिने एका बंद पडलेल्या बसचा छापला होता. फोटो नव्हता म्हणून तिने खालची अक्षरं मोठी केली: शोकाकुल आंगेलाकोव कुटुंब.

सकाळी दोन्काने तो फाटकावर चिकटवला. शिजवलेले गहू, वर पिठीसाखर आणि अक्रोड, असं पातेलं घेऊन ती तिथेच कठड्यावर बसली. एरवी कुंडावर येणाऱ्या बायका एकेक करून आल्या, कागदी कप घेऊन उभ्या राहिल्या, देव त्याला क्षमा करो म्हणाल्या आणि खाऊ लागल्या. कुणी हसलं नाही.

शेजारची मिन्काकाकू कुंडासमोर बसमधून उतरली तेव्हा तिच्याजवळ चष्मा नव्हता. तिला बायकांच्या घोळक्यावरून काळी चौकट दिसली आणि मोठ्या अक्षरांतलं आडनाव. त्या घरात आता दोन्काशिवाय होतं कोण? तिने थांब्यावरूनच रुमेनाला फोन लावला, रडली आणि ठेवून दिला. दोन्काचा फोन घरी ओट्यावर वाजत राहिला.

दुपारच्या सुमाराला घराकडे निघालेली ल्यूबेनची गाडी फाटकाशी थांबली. आतून दोघं उतरली. रुमेना आईपाशी आली आणि तिने आधी तिचा दंड दाबून पाहिला. ल्यूबेनने कागद दोनदा वाचला.

"कुंडाचं चाळिसावं घालतात का, आई?"

"मग कुणाचं घालायचं होतं? गहू घ्या." दोन्काची नजर गाडीवरून हलली नव्हती. "एका गाडीने आलात?"

"माझी गॅरेजला आहे," रुमेना म्हणाली. "दादाला फोन करावा लागला."

"मग वाटेत काय केलंत?"

"भांडलो. तुला पुरायचं कुठे यावरून. मी म्हटलं, तुझ्या माहेरी, आजीजवळ. हा म्हणे, बाबांशेजारी."

"बाबांशेजारी नको. घोरायचे."

रुमेनाला हसू आलं आणि रडूही आलं. ल्यूबेन आईकडे न बघता बहिणीला म्हणाला, "या वेळी विचारलं तरी. दीड तास विचारत होतो."

रुमेनाने गव्हाचा कप घेतला. तिला अक्रोड आवडत नाहीत. तिने ते एकेक वेचून भावाच्या कपात टाकले.

दोन्काने पातेल्यावर झाकण ठेवलं. अंगणात दोन पोती लाल मिरच्या पडल्या आहेत, असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाली. भाजायला एक माणूस पुरतं, सोलायला मात्र तीन लागतात, आणि एका शनिवारात काही ते उरकायचं नाही.

"पुढच्या शनिवारी माझ्याकडे गाडी नाही," रुमेना म्हणाली.

"गॅरेजवाला मंगळवारी देतो म्हणाला ना? येताना तूच सांगत होतीस."

"नाही देणार."

ल्यूबेनने कपातला शेवटचा अक्रोड तोंडात टाकला.

"बरं," तो म्हणाला, "आठला खाली उभी राहा. वर यायला लावू नकोस."