यादीतलं सोळावं नाव

न झालेल्या सभेचं इतिवृत्त लिहिणं हा प्रकार आपल्यापैकी कुणाला नवा नाही. ‘ऐन सफ्सफ’ नावाच्या गावच्या नगरपालिकेत हे काम लझहर या कारकुनाकडे होतं. ट्युनिशियाच्या दक्षिणेला, खजुरीच्या बागांना टेकलेलं हे छोटं गाव. विकासनिधी हवा तर राजधानीला प्रस्ताव पाठवायचा आणि सोबत बायकांच्या सभेचं इतिवृत्त जोडायचं, असा नियम. पण बायका नगरपालिकेत येत नसत. मग लझहर जुनी मतदारयादी काढायचा आणि बावन्न बायकांची सभा एकटाच भरवायचा. चार पेनं, नाना तऱ्हेच्या सह्या.

खरं सांगायचं तर त्याला ते काम आवडायचं. बायको सालहा जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन दूर सफाक्स शहरात. दुपारी तो टेबलावरच हरीसाची तिखट चटणी लावलेला पाव खायचा, बोलायला कुणी नसे. कागदावरच्या सभेत मात्र बायका बोलायच्या, टाळ्या वाजवायच्या, ठराव एकमताने मंजूर करायच्या.

दोन वर्षं प्रस्ताव नामंजूर होऊन परत आले होते. यंदा नगराध्यक्षांना चौकात सिमेंटचं भलंमोठं खजुराचं झाड हवं होतं, दिव्यांसकट. लझहरने लिहून टाकलं की बायकांनीच एकमुखाने मागणी केली. नियमाप्रमाणे हजर बायकांची सह्यांसकट यादी बाहेरच्या फलकावर लावली. त्या फलकाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी मबरूका मावशी आली. सत्तरीची, गावातल्या विणकर बायकांची थोरली. नातीने तिला यादी वाचून दाखवली होती. खुर्ची ओढून ती समोर बसली.

"लझहर, सभा झाली म्हणे?"

"हो मावशी. म्हणजे... कागदोपत्री."

"माझं नाव पंधरावं."

"घातलंय की! तुला कसा विसरेन?"

"आणि सोळावं सालहाचं. माझ्या शेजारीच बसली होती म्हणायची. कशी होती रे? माझ्याशी काही बोलली नाही."

लझहर फलकाकडे धावला. सोळा, सालहा बिन्त अम्मार. समोर तिची सही, शेवटच्या लांब रेघेसकट. बाकीच्या सह्या त्याने रचल्या होत्या. ही त्याच्या हाताला पाठ होती. लिहिताना त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

"चुकलो मावशी," तो परत येऊन म्हणाला. "नाव खोडतो."

"तिचं खोडशील. आणि माझं? मी जिवंत आहे, म्हणून माझ्या नावाने खोटं बोललेलं चालतं?"

"गुरुवारी प्रस्ताव जायचाय गं. सभाच नाही म्हटलं तर यंदाही निधी नाही, आणि माझी नोकरी जाईल ती वेगळीच. एकदा बोलावलं होतं तुम्हाला, कुणी फिरकलं नाही."

"कॅफेसमोर बोलावतोस, जिथे गावातले सगळे पुरुष बसलेले! तेही लोकर धुवायच्या वारी! बुधवारी बागेजवळच्या पाण्याच्या पाटावर ये, आम्ही तिथेच असतो. आणि झाड म्हणे आम्ही मागितलं. बागेत झाडं कमी पडली का?"

"मग काय हवंय तुम्हाला?"

मावशीने उलट विचारलं, "सालहाने तुला कधी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. कितीतरी वेळा, जेवताना. थंडीत पाटावर लोकर धुताना बोटं बधिर होतात. वर छप्पर असतं, पाणी तापवायला दोन चुली असत्या, तर! "अर्ज कर," एवढं म्हणून तो कुसकुस खात राहायचा.

बुधवारी तो पाटावर गेला. अकराच बायका होत्या. सिमेंटच्या झाडाचं ऐकून त्या पोट धरून हसल्या. "त्याला खजूर लागला की पहिला नगराध्यक्षांनाच खाऊ घाल!" मग हळूहळू कामाचं बोलणं निघालं. लोकर कोरडी ठेवायला खोली हवी, नाहीतर व्यापारी भाव पाडतो. साबणाचं पाणी बागेत शिरतं, त्याला मोरी हवी. कचेरीत बसून हे त्याला जन्मात सुचलं नसतं. मावशीशेजारचा दगड रिकामा होता. "सालहाची जागा," ती म्हणाली. "बस तिथे." बसून त्याने अकरा नावं लिहिली. सहा जणींनी अंगठे उठवले.

"अकराच?" नवं इतिवृत्त बघून नगराध्यक्ष कडाडले.

"अकराच, साहेब. पण खरोखर होत्या!"

आदळआपट झाली, पण मुदत संपत आली होती. त्यांनी सही केली. निधी मिळाला, मागितला त्याच्या निम्माच. छप्पर, चुली आणि मोरी झाली. खोली अजून व्हायची आहे.

मंजुरीचं पत्र आलं त्या संध्याकाळी लझहरने जुनी यादी काढली आणि सालहाचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तो रडला. जे तिला हवं होतं ते ती नसताना मंजूर झालं, याला आता काही इलाज नव्हता. घरी एकाच माणसाचं पान वाढलं जातं, ते तसंच आहे.

नागरिकहो, माणसांना न विचारता त्यांच्या नावाने मागितलेला पैसा त्यांच्या कामी येत नाही. आपल्या गावच्या सभेच्या यादीत आपलं नाव आहे का, ते एकदा जाऊन बघा. असेल, तर आपण खरंच तिथे होतो का, हे स्वतःला विचारा. आणि घरात कुणी जेवता जेवता काही सांगत असेल, तर त्याला अर्ज करायला लावू नका.