पत्र्याला मार्जिन

"वहिनी न्हाईत का?"

गाडी टेम्पोतून उतरायच्या आधीच गिऱ्हाइकानं विचारलं, आणि राजशेखरच्या हातातला हातोडा वरच्या वर थांबला. सकाळपासून हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता. लातुरातल्या त्या गल्लीत दुकानावर पाटी त्याची, चोवीस वर्षं पत्रा ठोकून एक कान अधू झाला तो त्याचा, आणि येणारा प्रत्येक जण विचारणार वहिनीला.

"हाय की. आत ब्लाउज शिवून राहिली," तो म्हणाला. "काय काम हाय ते मला सांगा. दुकान माझं हाय."

"तसं न्हाई अण्णा, दुकान तुमचंच." गिऱ्हाईक ओशाळून हसलं. "मी धम्मानंद. नांदेडहून आलो. आमच्या दोस्तानं तुमच्याकडून सायलेन्सर नेला ना, त्यो म्हणला, लातूरला एक वहिनी हायत, कागद कापून सायलेन्सर करतात."

कागद कापून सायलेन्सर! म्हणजे गॅसच्या ज्योतीपुढं डोळे जाळणारा कुणीच नाही. राजशेखरच्या अंगाचा तिळपापड झाला, पण धंद्याला बसलेल्या माणसाला तिळपापडही पोटातच तळावा लागतो. त्यानं आत हाक मारली.

आता त्याच्या बायकोचं, मंजुश्रीचं, हे प्रकरण काय ते सांगायला हवं. राजशेखरचे वडील शिवप्पा उदगीरला पत्र्याच्या पेट्या करायचे. पेटी सरळ असते. कोपरा आला की पत्रा मोडायचा, पुढं जायचं. राजशेखर लातूरला येऊन मोटरसायकलींच्या सायलेन्सरात, टाक्यांत आणि मडगार्डात शिरला तेव्हा त्याचा हात तयार होता. डोळ्याला मात्र सरळच दिसायचं. पुढं अरुंद आणि मागं भोंग्यासारखा रुंद होत जाणारा सायलेन्सर आला की तो चार पत्रे वाया घालवायचा आणि पाचवा कसाबसा बसवायचा. दोन वर्षांपूर्वी असंच चाललेलं असताना ती चहा घेऊन आली, जमिनीवरचे तुकडे बघितले आणि म्हणाली, "अवो, ही तर कळी हाय. परकराची कळी." वर्तमानपत्र घेतलं, कात्री चालवली, कागद गुंडाळून दाखवला. भोंगा तयार. चहा अजून गरम होता.

त्या दिवशी राजशेखर खूश झाला होता, हे खरं. बायको हुशार निघाली तर कोणता नवरा खूश होत नाही? पहिले चार दिवस सगळेच होतात.

मग टाक्या आल्या. गोल पोटाच्या, गुडघ्यापाशी खोलगट. मंजुश्री टाकीच्या साच्यावर कागद पसरायची, जिथं चुणी पडेल तिथं चिमटीत धरून टक्स घ्यायची, ब्लाउजला घेतात तसेच, आणि कागद उलगडला की त्या वाकड्यातिकड्या आकारात अख्खी टाकी असायची. लोक बघायला थांबायचे. मोबाइलवर व्हिडिओ काढायचे. त्यात मंजुश्रीचे हात दिसायचे, तिच्या बांगड्या दिसायच्या, आणि कडेला राजशेखरची पाठ.

एक गोष्ट मात्र व्हिडिओत येत नसे. मंजुश्रीच्या कागदाला जोडाच्या कडेनं अर्धा इंच जास्त असायचा. टेलरची सवय. उद्या बाई अंगानं भरली तर उसवून सैल करता यावं म्हणून आत मार्जिन सोडतात. पत्रा कोण उसवणार? पत्र्याची कड कडेला भिडवून जोडतात. पहिल्याच भोंग्याला हे राजशेखरच्या ध्यानात आलं, आणि त्यानं मुकाट्यानं अर्धा इंच आत कापलं. तिला सांगितलं नाही. आधी वाटलं, सांगू निवांत. मग तिचं कौतुक सुरू झालं तेव्हा वाटलं, एवढं तरी आपल्यापाशी राहू दे. कागद देऊन ती शिलाईला आत जायची, आणि तो मागं बसून अर्धा अर्धा इंच वजा करत राहायचा.

धम्मानंदची बुलेट त्याच्या वडिलांची होती. साहेबराव गुरुजींनी तिच्यावरून बिलोलीच्या शाळेत वीस वर्षं नोकरी केली. आता गुरुजींना धड चालता येत नव्हतं. नांदेडला येत्या रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, त्यात गाडी मांडायची आणि गुरुजींना खुर्चीत बसवून दाखवायची असं लेकाच्या मनात होतं. पण टाकी गंजून चाळण झाली होती.

"जशी होती तशी पाहिजे वहिनी," धम्मानंद म्हणाला. "बाबांनी हात ठेवला की वळखू आली पाहिजे."

मंजुश्रीनं त्या गंजक्या टाकीवरून हात फिरवला. "व्हईल. गुरुवारी या."

"आन् अण्णा, टाकीला तुम्ही पितळी पट्टी लावता ना नावाची? तिच्यावर वहिनींचं नाव टाका. तिथं लोक इचारतील कुणी केली म्हणून."

त्या पट्टीवर आजवर एकच नाव ठोकलं गेलं होतं. अक्षरांचे खिळे राजशेखरनं स्वतः हैदराबादहून आणले होते. मंजुश्री लाजून म्हणाली, "माझं कशाला, ह्यांचं टाका की," पण तिच्या तोंडावर जे फुललं ते त्यानं बघितलं. लग्नाला वीस वर्षं झाली, तेवढी ती त्याच्याकडं बघून कधी फुलली नव्हती, असं त्याला वाटलं. खरं-खोटं देव जाणे. पण ज्याच्या पोटात दुखतं त्याला दुसऱ्याचं हसूही टोचतं.

लगीनसराई होती. आत ब्लाउजांचा ढीग पडला होता. तरी मंजुश्रीनं सोमवारी अर्धा दिवस काढून टाकीचे दोन्ही भाग कागदात कापले, डावा आणि उजवा, आणि त्याच्या हातात दिले.

"जपून बरं का. गुरुजींची गाडी हाय."

"मला शिकवू नको," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं कागद पत्र्यावर ठेवला आणि खडू घेतला. नेहमीप्रमाणं कडेपासून अर्धा इंच आत रेघ मारायला हात गेला. थांबला. बाहेर पाटीवर ऊन पडलं होतं. मग त्यानं कागदाच्या अगदी काठानं रेघ ओढली आणि त्याच रेघेवरून पत्रा कापला. दोन्ही भाग. जसा कागद तसा पत्रा. उद्या कुणी विचारलं तर त्यानं काय चूक केली?

बुधवारी ती दारात आली. बोटात सुई, ओठांत दोरा. "पक्कं जोडायच्या आधी कच्चे टाके मारून गाडीवर बसवून बघा हां. ट्रायल घेतल्याबिगर न्हाई."

"बघितलं. बराबर हाय."

बघितलं होतंच त्यानं. मधल्या जोडाला दोन्हीकडचा अर्धा-अर्धा मिळून टाकी इंचभर रुंद झाली होती. हँडल वळवलं की मूठ टाकीला जाऊन थडकत होती. त्यानं दोनदा वळवून बघितलं, दोनदा थडकली, आणि लाज वाटायला हवी तिथं त्याला गारगार वाटलं. टाकी काढून त्यानं पोत्याखाली झाकून ठेवली आणि दुपारनंतर पक्की जोडूनही टाकली.

गुरुवारी धम्मानंद दोन मित्रांना घेऊन आला. मंजुश्री पदर सावरून बाहेर आली. राजशेखरनं पोतं काढलं, टाकी बसवली, बाजूला झाला. धम्मानंदनं हौसेनं हँडल वळवलं. अडकलं. दुसऱ्या बाजूला वळवलं. तिकडंही अडकलं.

"अण्णा, हे कामून?"

"मापं तिची हायत," राजशेखर म्हणाला. "मी कागदाबरहुकूम कापलं. कागद हाय तिथं, लावून बघा."

मित्रानं कागद लावला. जसाच्या तसा. मंजुश्रीचं तोंड उतरलं. तिनं टेप घेतली, पुढून मोजलं, पुन्हा मोजलं. "इंचभर वाढलंय," ती पुटपुटली. "पण मी तर मार्जिनसहित बराबर..."

"मार्जिन?" मित्र म्हणाला. "पत्र्याला मार्जिन सोडलं काय वहिनी? टाकी ढिली करायची का पुढं चालून?" आणि तो हसला. दुसराही हसला. धम्मानंद हसला नाही. तो टाकीकडं बघत राहिला.

मंजुश्री वळली. भिंतीला जुने कागद खिळ्यांवर लटकत होते. त्यातला भोंग्याचा एक कागद तिनं काढला आणि कपाटाजवळच्या तयार सायलेन्सरभोवती गुंडाळला. त्याच कागदावरून झालेला सायलेन्सर. कागदाची कड कडेवर चढली. बरोबर दोन बाजूंचा मिळून इंचभर. तिनं अंगठ्यानं ती चढलेली कड दाबून धरली आणि नवऱ्याकडं बघितलं.

राजशेखरला वाटलं, आता बोलणार, चारचौघांत बोलणार. दोन वर्षं तुम्ही कापत होता, आणि आजच का कापलं नाही?

तिनं कागद गुंडाळला. परत खिळ्याला अडकवला.

"चुकलं माझं, भाऊ," ती धम्मानंदला म्हणाली. "मला पत्र्यातलं कळत न्हाई. ह्यांचा हात चांगला हाय. शनिवारपत्तोर हे करून देतेल. गुरुजींचं काम अडायचं न्हाई." आणि आत गेली. आतून शिलाई मशीन सुरू झाल्याचं त्याच्या चांगल्या कानाला ऐकू आलं.

"मग अण्णा," धम्मानंद जाता जाता म्हणाला, "पट्टीवर तुमचंच नाव टाका."

जिंकला की राजशेखर! दोन दिवस राबून त्यानं नवी टाकी केली. तिच्याच कागदावरून, अर्धा इंच आत. टाकी अशी बसली की पाणी ओतल्यासारखी. शनिवारी धम्मानंद गाडी घेऊन गेला, आणि रविवारी त्याच्याकडून फोटो आला. खुर्चीत साहेबराव गुरुजी, तळहात टाकीवर, डोळे मिटलेले; खाली पितळेवर राजशेखरचं नाव. त्यानं तो फोटो बायकोला दाखवला.

"चांगलं झालं," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानं उत्तरं जुळवून ठेवली होती, ती सडून गेली. सोमवारी दुकान उघडलं तर भिंतीवरचे सगळे कागद खाली, गठ्ठा करून ऐरणीवर. एकेका कागदाच्या जोडाच्या कडेला, अर्धा इंच आत, शिलाईच्या निळ्या खडूची रेघ. सत्तावीस कागद, एकही सुटला नव्हता. रेघ इतकी सरळ की त्याला तिच्यावर बोट ठेववेना. म्हणजे त्याचं गुपित आता कागदावर होतं, आणि कोणाही आंधळ्यानं त्यावरून कापावं.

महिनाभर जुन्या कागदांवर चाललं. मग शिरूर अनंतपाळहून एक जण वेगळीच गाडी घेऊन आला. त्याला सीटमागचं शेपूट हवं होतं, बदकासारखं वर उचललेलं, आणि त्याखालून निघणारा दुहेरी सायलेन्सर. असा कागद भिंतीवर नव्हता. राजशेखरनं वर्तमानपत्र पसरलं. चुणी पडली. चिमटीत धरली तर दुसरीकडं पडली. दुपार होईस्तोवर पायाशी कागदांचे बोळे झाले, आणि गिऱ्हाईक तिसऱ्यांदा घड्याळात बघून म्हणालं, "वहिनींना इचारा की."

तो कोरा कागद घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. मंजुश्री एका नवरीच्या आईचं माप घेत होती. टेप गळ्यात, पेन्सिल कानावर. भिंतीला बाकडं होतं; त्यावर दोन बाया कापडाच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मंजू," तो म्हणाला. कागद पुढं केला. "मंजू, जरा एक..."

तिनं मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, तो शोधायला गेला तरी सापडला नाही. दुकानात येणाऱ्या कुणाशीही बोलावं तितक्याच गोडीनं ती म्हणाली, "बसा. ह्या दोघींचं झालं की बघते."

बाया जरा सरकल्या. राजशेखर कागद मांडीवर घेऊन बाकड्याच्या टोकाला बसला.