पंप मारणारा हात

"राजूरले जायचं म्हणते न? जा. पण माह्या दारातून जाऊ नको," बा म्हणाला आणि पाण्याचा गडवा उचलून बाहेर निघून गेला.

बा म्हणजे माझा बाप, रामलाल. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो, इथं मराठीत लिहिते आहे. केळापूर तालुक्यातल्या आमच्या तांड्यात ख्रिस्ती घरं तीनच, त्यातलं एक आमचं. आजा खेमसिंग सिस्टरांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनींच्या, दवाखान्यात मरता मरता जगला म्हणून त्यानं बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे आम्ही ते नुसतं ओढत आणलं. नाताळला मिस्सा, तीजेला नाच. देव आहे की नाही, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. जपमाळेचे मणी सरकवताना माझ्या डोक्यात बीएचे पेपर असायचे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी मला लहानपणापासूनची भक्तीण समजू नये.

राजूरला सिस्टरांचं एक घर आहे. ज्यांचं कोणी नाही असे आजारी तिथं ठेवतात. तरुण पोरापोरींनी एक वर्ष तिथं राहायचं, काम करायचं, वर्ष संपलं की आपल्या वाटेनं जायचं. नवसासारखंच, फक्त मागणं काही नाही.

"मागनं नाही त कायले जाते?" माझी याडी, म्हणजे आई, मोतीबाई, रोज विचारायची. तिला मी धड सांगू शकले नाही. इथं सांगते.

दोन हजार सतराचा सप्टेंबर. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पाठीवर पंप बांधून माणसं त्या जंगलात शिरायची, फवारा वर मारायची, आणि तो त्यांच्याच अंगावर उतरायचा. माझा भाऊ लखन फवारणीच्या तिसऱ्या दिवशी बांधावर ओकत पडला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेला तेव्हा वार्डात खाट मिळवायला भांडावं लागलं.

विष उतरवायचं औषध डोक्यात चढतं. माणूस उठून पळतो, सलाईन उपटतो, समोर असेल त्याला मारतो. नर्सा दोन आणि रोगी चाळीस. मग हात बँडेजपट्टीनं खाटेला बांधायचे. नर्सांना मी दोष देत नाही, त्या पायावर उभ्या झोपत होत्या. दोष त्या साहेबाला, जो नाकाला रुमाल लावून आला, खाटेजवळ उभा राहून फोटो काढून घेतला आणि म्हणाला, "तुम्ही लोक मास्क का लावत नाही?" आपल्या कुत्र्याला पट्टा बांधताना तो गळ्याला काचत नाही ना, एवढं तो नक्की बघत असेल. आमच्या माणसांच्या मनगटांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

लखनचेही हात बांधले होते. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या तोंडावर मारलं होतं. त्यानंतर दोन दिवस मी त्याच्याजवळ बसून होते आणि एकदाही गाठ सोडली नाही. मला त्याची भीती वाटत होती, सख्ख्या भावाची.

बाजूच्या खाटेवर वाहिद नावाचा माणूस होता. नेरचा, मोटारसायकली दुरुस्त करायचा. धंदा बसला म्हणून रोजानं फवारायला गेलेला. त्याची बायको अनवरी आठ दिवसांची बाळंतीण, येणार कशी? तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर बिबियाना आल्या. राजूरच्या त्या घरातल्या, मूळच्या झारखंडच्या, ठेंगण्या, साठीच्या. आल्या आल्या त्यांनी वाहिदच्या डाव्या हाताची गाठ सोडली.

"मारीन तो, सिस्टर," नर्स म्हणाली.

"मारने दो. मैं पकड़ती हूँ."

त्यानं मारलं. चष्मा खाटेखाली गेला. त्यांनी तो काढला, पदराला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि हात पुन्हा धरला. आता प्रार्थना सुरू होईल, आता येशूचं नाव निघेल, म्हणून मी वाट पाहत होते. तसलं काहीच झालं नाही. बाई नुसती हात धरून बसली.

दीडेक तासानं त्या माझ्याकडे वळल्या. "बेटी, मुझे बाथरूम जाना है. थोड़ी देर तू पकड़."

अख्खा वार्ड पाहत होता. बिनलग्नाची तांड्याची पोरगी, परका पुरुष, त्यात मुसलमान.

"अन् मले मारलं त?"

"तेरा चश्मा है?"

"नाही."

"तो फिर क्या डर," म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा.

मी हात धरला. त्यानं मारलं नाही. त्याचा हात वर गेला, खाली आला, माझ्या हातासकट. पुन्हा वर, पुन्हा खाली. थोडा वेळ मला काही समजेना. मग कळलं. तो पंप मारत होता. डाव्या हातानं दांडा वर-खाली, डोळे छताला लागलेले. खाटेवर निजवला, सुया टोचल्या, हात बांधले, पण त्या कपाशीतून त्याला कोणी बाहेर आणलंच नव्हतं.

दाबून धरलं की तो जोर करायचा. मग मी दाबणं सोडलं आणि त्याच्यासोबत हात वर नेऊ लागले, खाली आणू लागले. सिस्टर परतल्या, त्यांनी पाहिलं, आणि लखनच्या खाटेशी जाऊन बसल्या. किती वेळ गेला देव जाणे. माझा खांदा भरून आला. ओकाऱ्या, बायांचं रडणं, फिनाइलचा वास, सगळं जागच्या जागी होतं. आणि त्या सगळ्यात आमच्या दोघांच्या हातांवर आणखी कोणाचा तरी हात आहे, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे जसं पाठीला ऊन वाटतं तसं. वळून पाहायची गरज पडत नाही. मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते, आणि हात सोडावा असं एकदाही मनात आलं नाही. भिंतीवर खिळे ठोकलेला जो मी लहानपणापासून पाहत आले, तो इथं बँडेजपट्टीनं बांधलेला होता. चाळीस खाटांवर, चाळीस वेळा. आणि मी दोन दिवस त्याच्या शेजारी बसून मोबाईल पाहत होते.

दांडा मंदावला. मग थांबला. मेला वाटून मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी येऊन त्याच्या नाकापुढे बोट धरलं.

"सो गया."

मी उठले आणि लखनच्या दोन्ही गाठी सोडल्या. संध्याकाळपर्यंत त्यानं मला तीनदा हाणलं.

दोघंही जगले. लखनला एका डोळ्यानं अजून धुरकट दिसतं. वाहिद घरी निघाला तेव्हा व्हरांड्यात अगदी माझ्यासमोरून गेला आणि त्यानं मला ओळखलं नाही. ओळखणार कसा? त्या न ओळखण्यानं मला एवढं भरून आलं की मी भिंतीला टेकून उभी राहिले.

महिन्याभरानं मी सिस्टर बिबियानांना गाठलं. म्हटलं, मले सिस्टर व्हायचं आहे.

त्या हसल्या. "एक दोपहर में? पहले एक साल काम कर के देख. रोज़ ऐसा नहीं लगता, बेटी. ज़्यादातर दिन सिर्फ़ गू-मूत है."

हे ऐकून माझं नक्की झालं. गोड बोलून नेणारे आमच्या तांड्यानं पुष्कळ पाहिले आहेत. ही बाई गू-मूत दाखवून बोलावत होती.

वार्डातली गोष्ट तांड्यात माझ्याआधी पोचली होती. अमरसिंगच्या पोराशी माझ्या लग्नाचं चाललेलं बोलणं तुटलं. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियाच्या, ओट्यावर जे बोललं गेलं ते बा ऐकून आला.

"भाऊ बांधेल होता," तो म्हणाला, "अन् तू परायाचा हात धरून बसली."

"हो," मी म्हटलं. "भावाले भेली मी. त्या परायाचा धरला तवा भावाची गाठ सुटली माह्याच्यानं. त्याच्याआधी नाही सुटली." त्यावर बा काय बोलला ते सुरुवातीलाच सांगितलं आहे. त्यानंतर तीन आठवडे त्यानं माझ्याशी शब्द काढला नाही.

जानेवारीत निघायचा दिवस आला. दारातून नको म्हटलं होतं, म्हणून न्हाणीमागून निघाले. एक पिशवी, पळून जाणाऱ्या पोरीसारखी मान खाली. मला राजूर पाहिजे होतं, पण असं चोरून नको होतं. बापाच्या आशीर्वादाशिवाय गेले असते तर वर्षभर प्रत्येक आजाऱ्याच्या तोंडात मला तोच दिसला असता.

फाट्यावर पाहते तर तांड्याच्या बाया गोळा झालेल्या. पुढे लालीबाई, सगळ्यांत म्हातारी. आमच्यात पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, त्याला ढावलो म्हणतात. जिच्या-ज्याच्या गळ्यात ती पडली त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचाच. वैरी असला तरी नाही म्हणायची सोय नाही.

"रड," लालीबाई म्हणाली.

"लग्न नाही न माह्यं, लालीबाई."

"लग्नाचं कोन इचारते तुले? तांडा सोडून चालली का नाही? मंग रड. बिनरडता पोरगी जाते का कुठी?"

बा लिंबाच्या झाडाशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता. आला होता, एवढंच. मी गेले आणि त्याच्या गळ्यात पडले. सूर लागला, पण शब्द येईनात. शाळा-कॉलेजात गेलेल्या पोरीला ढावलो कोण शिकवणार? मग तोंडात जे पाठ होतं तेच त्या सुरात घातलं. जपमाळेतलं नमो मारिये म्हणत मी रडले. बायांनी मागून सूर धरला. त्यांना शब्द कळले नाहीत, आणि त्यांचं काही अडलंही नाही.

बाचं अंग लाकडासारखं होतं. बऱ्याच वेळानं त्याचा हात माझ्या डोक्यावर आला.

"सासरी सुखी राय," त्यानं रिवाजाप्रमाणे सुरू केलं आणि अडला. सासर कुठलं? त्यानं पुन्हा सुरू केलं. "तुह्या मांडीवर..." पुन्हा अडला. पोरीला द्यायचे आमच्याकडे जेवढे आशीर्वाद आहेत, ते सगळे नवऱ्याच्या घरापर्यंत जातात आणि तिथंच संपतात. त्याच्यापुढचा आजवर कोणत्या बापाला लागलाच नव्हता.

बस आली. कंडक्टरनं दारावर थाप मारली. "चला न बाई, लवकर."

"थांब जरासा," लालीबाई त्याला म्हणाली. "बाप आशीर्वाद देऊन राह्यला."

बाचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आशीर्वाद पुरा झाल्याशिवाय हात उचलायचा नसतो, आणि तो उचलत नव्हता. मी त्या हाताखाली मान घालून उभी होते आणि माझा बाप, ज्यानं जन्मात एक ओळ लिहिली नाही, माझ्यासाठी नवा शब्द शोधत होता.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.