शेवटच्या रांगेतला हात

'क्रांती' हा शब्द कानावर पडला की साउंडवाला आधी खिसा चाचपायचा. आज तर सेल्समन एका दमात तीनदा क्रांती म्हणाला होता. हॉलमधले स्पीकरचे दोन बॉक्स साउंडवाल्याने तरुणपणी स्वतःच्या हातांनी बनवलेले. ते राहणार की सेल्समनचा हा नवा उंच, बारीक, खांबासारखा स्पीकर येणार, हे आज ठरायचं होतं. मॅनेजर म्हणाले होते, "तुम्ही म्हणाल तसं."

सेल्समनने आधी बॉक्सवर गाणं लावलं, मग खांबावर. काय तो आवाज! पण साउंडवाला काही दुधखुळा नव्हता. बदलताना सेल्समनने व्हॉल्यूम हळूच वाढवलेला त्याने बरोबर टिपला.

"मोठा तो गोड, होय रे? ही लबाडी तुझ्या जन्माच्या आधीची आहे!" म्हणत त्याने मीटर लावून दोन्ही आवाज सारखे केले. सेल्समनचं तोंड एवढंसं झालं.

बायको नेहमीसारखी शेवटच्या रांगेत बसली होती. वीस वर्षांचा रिवाज होता. तो माइकवर "एक, दोन, तीन" म्हणायचा, नीट ऐकू आलं की ती हात वर करायची. तिचा हात म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण आज साउंडवाला त्या लबाडीने इतका तापला होता की एक-दोन-तीन राहूनच गेलं. माइक बॉक्सला जोडून तो म्हणाला, "अगं, पडद्याला आग लागलीय, पळ!"

तिने शांतपणे हात वर केला.

त्याने वायर खांबाला जोडली आणि तेवढ्याच आवाजात म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचं डोकं फिरलंय."

"ते लग्नातच कळलं होतं!" ती खळखळून हसली.

तो तडक मागे गेला. "मग वीस वर्षं हात कशाला वर करत होतीस?"

"अहो, तुम्ही एक-दोन-तीनच म्हणायचात. त्यात ऐकायचं काय? सगळं नुसतं घुमायचं. पण तुम्ही इतक्या आशेने बघायचात..." ती ओशाळली.

त्याला फार वाईट वाटलं. वीस वर्षं ही शेवटची रांग तिकीट काढून नुसती घूं-घूं ऐकत होती.

तो परत स्टेजपाशी आला. सेल्समन अजून खाली मान घालून उभा होता.

"तुझी क्रांतीबिंती सगळी थाप आहे," साउंडवाला म्हणाला, "आणि तू पक्का लबाड आहेस. आता शिडी धर. माझे बॉक्स उतरवायचेत."