बंद टीव्हीतली खोली

मानवतला मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिद्धोधनचं दुकान आहे. जुने टीव्ही आणि प्रोजेक्टर घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा त्याचा धंदा. टीव्ही घराघरांत जातात. प्रोजेक्टर गणेश मंडळं आणि शिकवणीवाले नेतात, नाहीतर भिंतभर क्रिकेट बघायची हौस असलेला एखादा. कुणी टीव्ही विकायला काढला की सिद्धोधन आधी एकच विचारतो, "कामून विकायलाव?" उत्तर ऐकलं की अर्धा बिघाड त्याला तिथंच कळतो.

मनकर्णाबाईंनी मात्र सांगितलं, "बिघाड काईच न्हाई. मला नको हाय, एवढंच."

सोनपेठच्या पलीकडे, गोदावरीच्या अंगाला त्यांचं गाव. फोन आला तसा सिद्धोधन छोटा टेम्पो घेऊन गेला. पत्र्याचं छत असलेली एकच मोठी खोली. एका कोपऱ्यात चूल काढून गॅस ठेवलेला, दुसऱ्या बाजूला खाट, आणि मधोमध हात टेकायची लाकडी खुर्ची. खुर्चीसमोर भिंतीला टेकून टीव्ही होता. त्याच्यावर जुनं लुगडं टाकलेलं.

लुगडं काढलं तर आत चांगला बेचाळीस इंची, आरशासारख्या काचेचा टीव्ही निघाला. मुलीनं पुण्याहून पाठवलेला, असं बाई म्हणाल्या. सिद्धोधननं चालू केला. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत, पडद्यावर एक रेघ नाही. तो बटण बंद करायला गेला तशा बाई एकदम म्हणाल्या, "थांब. बंद करायच्या आधी लुगडं टाक."

"असू द्या की मावशी."

"टाक म्हणते ना बाबा."

त्यानं लुगडं टाकलं आणि मग वायर काढली. म्हाताऱ्या माणसांच्या काही सवयी असतात, असं समजून त्यानं टीव्ही टेम्पोत चढवला. निघताना बाई उंबऱ्यात उभ्या राहून खोलीकडे बघत होत्या. आपलं काम झालं की नाही, हे तपासावं तसं.

दुकानात टीव्ही पुसायचं काम नीलमचं. नीलम सिद्धोधनची बायको. सकाळी मुलांचं आवरून ती दुकानात यायची, गिऱ्हाईकही बघायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ते लुगडं काढलं आणि काच पुसायला घेतली. सिद्धोधन मागं बसून एका प्रोजेक्टरचा दिवा बदलत होता.

"अहो," ती म्हणाली, "इकडं या जरा."

"काय झालं?"

"यात मी दिसत न्हाई."

तो हसत उठला. पण तिच्या मागं येऊन उभा राहिला आणि त्याचं हसणं थांबलं. टीव्ही बंद होता, वायर गुंडाळून वर ठेवलेली होती. काळ्या काचेत ती दोघं दिसायला हवी होती. मागचा दरवाजा, रस्ता, समोरचं खताचं दुकान दिसायला हवं होतं. त्याऐवजी एक खोली दिसत होती. पत्र्याचं छत. खाट. कोपऱ्यात गॅस. खोलीच्या मधोमध खुर्ची, आणि खुर्चीत एक म्हातारा माणूस बसलेला. अंगात बंडी, खांद्यावर पंचा, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. तो सरळ समोर बघत होता. म्हणजे त्यांच्याकडेच बघत होता.

"कोण हाय हा?" नीलमनं हळू आवाजात विचारलं.

"ती खोली मी कालच बघितली," सिद्धोधन म्हणाला. "खुर्ची रिकामी होती."

सिद्धोधनच्या घरात भुताखेताच्या गोष्टींना थारा नव्हता. बापानं लहानपणीच सांगितलं होतं, जे समजत नाही ते तपासायचं, त्याच्या पाया पडायचं नाही. त्यानं टीव्ही तपासला. मागचं झाकण उघडून बोर्ड काढला. टीव्ही उचलून दुसऱ्या भिंतीला ठेवला, मग उन्हात नेला. चालू केला की बातम्या दिसायच्या, गाणी दिसायची. बंद केला की खोली. आणि खोलीत उजेड बदलत होता. दुपार कलली तसा पत्र्याच्या फटीतून येणारा कवडसा जमिनीवरून सरकत खाटेवर चढला. मग बाहेरून मनकर्णाबाई आल्या आणि खाटेवर बसून सुपात तूर निवडू लागल्या. म्हाताऱ्याच्या खुर्चीवरून त्यांची नजर अशी गेली, जशी रिकाम्या खुर्चीवरून जाते.

"हे आत्ताचं हाय का जुनं?" नीलम म्हणाली. "बाईला फोन लावा."

त्यानं फोन लावला. काचेत मनकर्णाबाईंनी मान वर केली. सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि फळीवरचा मोबाइल कानाला लावला.

"कोण?" त्याच्या कानात आवाज आला, आणि काचेत बाईंचे ओठ हलले.

"मावशी, मी मानवतचा, टीव्हीवाला," तो कसाबसा म्हणाला. "रिमोट... रिमोट तुमच्याकडंच राहिला का?"

"तूच नेला की बाबा."

"हां. बरं. असू द्या."

तो फोन ठेवणार इतक्यात नीलमनं त्याचं मनगट घट्ट धरलं. काचेतला म्हातारा आता समोर बघत नव्हता. त्यानं मान वळवली होती. हळूहळू, मानेचा सांधा आखडलेला माणूस वळवतो तशी. तो मनकर्णाबाईंकडे बघत होता.

संध्याकाळी दुकान बंद करेपर्यंत त्याची नजर हलली नाही. बाई खाटेवर असल्या तर खाटेकडे, गॅसजवळ गेल्या तर गॅसकडे. जिकडे बाई, तिकडे ती मान वळायची. बाईंना काहीच कळत नव्हतं. मधूनच त्या मानेवरून हात फिरवायच्या, माशी बसल्यासारखा.

सकाळी टीव्हीवरचं लुगडं काढलं तेव्हाही तो तसाच बसलेला होता, बाईंकडे बघत. सिद्धोधननं टेम्पो काढला.

त्याला दारात बघून मनकर्णाबाई दचकल्या नाहीत. आत ये म्हणाल्या, पाण्याचा तांब्या दिला. सिद्धोधन खुर्चीला वळसा घालून भिंतीजवळ बसला. खुर्ची रिकामी होती. डोळे फाडून बघितलं तरी रिकामीच. पण तिच्या बैठकीवरची उशी मधोमध खोल दबलेली होती.

"तुला बी दिसले," बाई म्हणाल्या. त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.

"कोण हायत ते?"

"आमचे मालक. दत्तराव." बाई खाटेवर बसल्या. "अर्धं अंग गेलं होतं त्यांचं. वाचा बी गेली. सकाळी मी खुर्चीत बसवायचे, टीव्ही लावून द्यायचे, शेतात जायचे. आले की तसेच बसलेले. गेल्या हिवाळ्यात वारले, त्या खुर्चीतच. दहावं झालं, तेरावं झालं. अन् मग एक दिवस लाईट गेली, टीव्ही बंद पडला, तर काचेत हे बसलेले."

"घाबरल्या असताल."

"घाबरले न्हाई तर काय! मागं वळून बघितलं, तर कुणी न्हाई. मग दिवसभर टीव्ही चालूच ठेवायला लागले. चालू असला की दिसत न्हाईत. पण लाईट गेली की हायतच. शेवटी लुगडंच टाकून ठेवलं. कुणाला सांगावं? पोरीला, अर्पिताला सांगितलं तर ती म्हणंल, आईचं डोकं फिरलं. म्हणलं, टीव्ही बघायलाच बसलेत, टीव्ही गेला की जातील." त्यांनी पदर सावरला. "गेले का?"

सिद्धोधनच्या मनात आलं, हो म्हणावं. हो म्हटलं असतं तर बाई त्या रात्री शांत झोपल्या असत्या. पण त्यांची नजर त्याच्या तोंडावर खिळलेली होती आणि त्याला खोटं बोलता आलं नाही.

"न्हाई मावशी. हायत."

"कुठं बघायलेत? समोर?"

त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"बोल की रे."

"तुमच्याकडं."

मनकर्णाबाईंचा हात आपोआप मानेकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. बाहेर कुणाच्या तरी शेळ्या ओरडत होत्या. खोलीत उकाडा होता, तरी बाईंच्या हातावर काटा उभा राहिलेला त्याला दिसला.

"मावशी, टीव्ही परत आणून देतो. न्हाईतर प्रोजेक्टर लावतो, भिंतीवर चित्र पडतं. काचच नसती, काही दिसायचं बी न्हाई तुमाला. अन् तसं नसंल तर अर्पिताताईकडं नेऊन सोडतो."

बाईंनी उठून चपला घातल्या.

"मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं कामून बघायलेत, ते मला बघायचंय."

त्यांनी घराला कुलूप लावलं. त्या टेम्पोत सिद्धोधनशेजारी बसल्या. रस्त्याच्या कडेला कापसाचे ट्रॅक्टर लागत होते, त्यांच्याकडेसुद्धा त्यांचं लक्ष नव्हतं.

नीलमनं त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. मग टीव्हीवरचं लुगडं काढलं आणि बाजूला सरकली. रस्त्यावर भरदुपारची वर्दळ होती, समोर खताची पोती उतरत होती. पण मनकर्णाबाई काचेसमोर बसल्या तसं दुकानातलं सगळं थांबल्यासारखं झालं.

काचेत कुलूपबंद खोली होती. पत्र्याच्या फटीतून आलेला उजेड सोडला तर अंधारच. म्हातारा खुर्चीत होता. पण आता त्याची नजर खाटेवर नव्हती, गॅसकडेही नव्हती. चांगल्या डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून, जमेल तेवढं अंग वळवून तो एकाच बाजूला बघत होता.

"तिकडं काय हाय?" नीलमनं विचारलं.

"दार," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्या पुढे वाकल्या. इतक्या की त्यांचा श्वास काचेवर उमटायला हवा होता. काच स्वच्छच राहिली.

"मी सोनपेठच्या बाजाराला गेले की शेजारची मला सांगायची," त्या हळूहळू बोलू लागल्या, "मनकर्णे, तू येईस्तोवर तुझ्या मालकाची नजर दारावरून हालत न्हाई. मला खरं वाटायचं न्हाई. मी दार उघडायचे तर हे आपले टीव्हीकडं बघत बसलेले. मला वाटायचं, ह्या माणसाला मी आले काय अन् गेले काय, सारखंच." त्यांनी काचेवर बोट ठेवलं, म्हाताऱ्याच्या खांद्याजवळ. "किती वेळ झाला मला निघून?"

"झाले असतील दोन-अडीच तास."

"मान दुखत असंल त्यांची," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

"मावशी, कुठं निघाल्या?" नीलम आडवी आली. "आज इथंच राहा. असल्या घरात एकटीनं कुठं जायलाव?"

"एकटी कुठं हाय मी?"

त्यांचा चेहरा शांत होता. नीलमला त्या शांतपणाचीच भीती वाटली. सिद्धोधन टेम्पोची किल्ली शोधत होता, पण बाई थांबल्या नाहीत. स्टँडवर सोनपेठची गाडी लागलेली असते, म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या.

संध्याकाळपर्यंत दोघांनी एकही गिऱ्हाईक धड केलं नाही. ऊन कललं तेव्हा काचेतल्या खोलीचं दार उघडलं. उजेडाची पट्टी आत पडली आणि तिच्यात मनकर्णाबाई उभ्या. म्हातारा दाराकडे बघत होता. बाईंनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. मग कोपऱ्यातला पाट उचलून त्या खुर्चीसमोर आल्या. जिथं टीव्ही असायचा, अगदी तिथं पाट ठेवून त्या बसल्या, खुर्चीकडे तोंड करून.

आता काचेत त्यांची पाठच तेवढी दिसत होती. त्यांच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्या बोलत होत्या, हातवारे करत होत्या. मध्येच थांबायच्या. ऐकत असल्यासारखी मान हलवायच्या आणि परत बोलायच्या. वाचा गेलेल्या माणसाचं त्या काय ऐकत होत्या, कोण जाणे.

मग त्यांच्या खांद्यापलीकडून एक हात वर आला. डावा नव्हे. मांडीवर निर्जीव पडलेला, तो उजवा हात. बोटं थरथरत होती. लांबचं ओझं उचलून आणावं तसा तो हात इंचाइंचानं पुढे येत होता, बाईंच्या डोक्यावरच्या पदराकडे. बाई मागे सरकल्या नाहीत. त्यांनी मान थोडी पुढे केली.

नीलमनं झटक्यात लुगडं काचेवर टाकलं.

"अगं थांब, काय होतंय ते तर बघू दे!" सिद्धोधन ओरडला. "बाईला काय झालं तर?"

"बघायचं न्हाई," नीलम म्हणाली. लुगड्याचं टोक तिनं सोडलं नाही. "त्यांचं घर हाय ते."

सकाळी सिद्धोधननं दुकानाचं कुलूप काढलं आणि सरळ टीव्हीकडे गेला. लुगडं ओढलं. काळ्या काचेत एक माणूस त्याच्याकडे बघत होता, आणि तो ओळखायला त्याला क्षणभर लागला. तो स्वतःच होता. मागं दुकानाचा दरवाजा, रस्ता, समोरचं खताचं दुकान. खोली गेली होती. त्यानं टीव्ही फिरवला, हलवला, चालू करून बंद केला. साधी काच होती.

त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्याला बाईंच्या डोक्याकडे येणारा तो हात आठवला. त्यानं घाईघाईनं फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. तो टेम्पोकडे निघणार तेवढ्यात पलीकडून उचलला गेला.

"कोण?"

"मावशी, मी सिद्धोधन. बऱ्या हाव ना तुमी?"

"बरी हाय की. मला काय झालं? भाकरी करायले."

"न्हाई, ते... दत्तराव मामा..."

"थांब जरा," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी फोन तोंडापासून बाजूला धरला असावा, कारण पुढचं त्याला लांबून ऐकू आलं. खोलीत बसलेल्या माणसाला सांगावं तसं, सहज.

"मानवतचा हाय. टीव्हीवाला."

तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज. आणि त्याच्या मागं, खुर्चीचं लाकूड करकरावं तसं काहीतरी.

"हां, बोल," बाई म्हणाल्या. "ऐकायलोत आमी."