साभार परत

दंतवैद्यांच्या नोंदणी परिषदेचे पत्र घेऊन मुलगी वरच्या आपल्या दवाखान्यातून खाली वडिलांच्या प्रयोगशाळेत आली, तेव्हा अण्णा एका कवळीचे सुळे घासत होते. तिने पत्र टेबलावर ठेवले आणि ती स्टुलावर बसली. अण्णांनी यंत्र बंद केले, हात पुसले, चष्मा बदलला आणि पत्र दोनदा वाचले. कोणताही कागद एकदाच वाचायला तंत्रनिकेतनात त्यांना शिकवलेच नव्हते.

तक्रार एका निवृत्त मुख्याध्यापिकेची होती. दीड वर्षापूर्वी मुलीने त्यांच्या खालच्या दाढेवर कॅप बसवली होती. कॅपच्या कडेला फट राहिली, फटीतून दाढ किडत गेली आणि अखेर दुसऱ्या डॉक्टरांना ती काढावी लागली. शिस्तपालन समितीने महिन्याभरात लेखी खुलासा मागितला होता. दोष सिद्ध झाला तर मुलीची नोंदणी सहा महिन्यांपर्यंत स्थगित होऊ शकत होती. म्हणजे तेवढा काळ कोणाच्या तोंडात साधा आरसा घालायचीही सोय नाही.

अण्णा कॅप आणि कवळ्या घडवीत आले त्याला एकोणचाळीस वर्षे झाली होती, आणि डॉक्टरांमध्ये त्यांचे नाव 'साभार परत' असे पडले होते. डॉक्टरांनी घेतलेल्या मापात, म्हणजे दाताच्या ठशात, कॅप जिथे टेकते ती कड स्वच्छ उमटली नसेल, तर अण्णा त्यावर हात चालवीत नसत. 'साभार परत. कड अस्पष्ट.' अशी चिठ्ठी जोडून, खाली तारीख आणि सही घालून, ते माप आल्या पावली परत धाडीत. भल्याभल्यांनी फोनवरून आवाज चढवून पाहिला. अण्णा शांतपणे सांगत, "डॉक्टर, दात तुम्ही पाहिलाय, मी नाही. अंदाजानं मी फार तर उशीचा अभ्रा शिवीन, कॅप नाही करणार."

मुलीने वर दवाखाना थाटला त्याला अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत तिचे एकही माप परत गेले नव्हते. ही गोष्ट ती मित्रमंडळीत मान ताठ करून सांगे, आणि अण्णा ऐकून न ऐकल्यासारखे करीत व मनातल्या मनात सुखावत.

प्रत्येक मापात प्लास्टर ओतून केलेला साचा अण्णा तीन वर्षे जपून ठेवीत. तो बुटांच्या खोक्यात जाई. खोक्यावर महिना, साच्याच्या बुडाशी क्रमांक. मुख्याध्यापिकांचा साचा सापडायला चार मिनिटेही लागली नाहीत. अण्णांनी तो भिंगाखाली धरला, आणि मग बराच वेळ धरूनच ठेवला.

कॅप करण्यापूर्वी साच्यावर दाताची कड ते लाल पेन्सिलीने आखून घेत. कड दिसे तिथे सलग रेघ, दिसत नसे तिथे तुटक. ही पद्धत त्यांची स्वतःची होती, आणि तुटक रेघ उमटली की माप परत, हा तिचा नियम होता. या दाढेवर गालाकडची रेघ सलग होती. जिभेकडे, अडीच-तीन मिलिमीटर लांबीत, ती तुटक होती.

"रेघ माझी आहे," अण्णा म्हणाले. "तुटक आखली आणि तशीच पुढे कॅप केली."

"म्हणजे माझं माप खराब होतं."

"जिभेकडून पुसट होतं."

"मग परत का नाही पाठवलंत?"

अण्णांना सगळे लख्ख आठवत होते. त्या दिवशी वर गर्दी होती, जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज सकाळपासून थांबला नव्हता. इतक्या दमलेल्या पोरीच्या हातात चिठ्ठी देणे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी कोरणी उचलली आणि राहिलेली कड स्वतःच्या अंदाजाने कोरली. दुसऱ्या कोणाचे माप असते, तर असला विचार त्यांच्या मनाला शिवलाही नसता.

"तुझं होतं म्हणून," ते म्हणाले.

ती साच्याकडे पाहत राहिली. "मला वाटायचं, माझी मापं खरंच तेवढी चांगली असतात."

परिषदेचे पत्र त्यांना लागले नव्हते, तेवढे हे वाक्य लागले.

दुसऱ्या दिवशी मुलीची वकील मैत्रीण आली. साचा पाहताच तिचा चेहरा उजळला. तिचे म्हणणे सरळ होते. चूक प्रयोगशाळेची, पुरावा लाल पेन्सिलीचा, आणि समितीचा अधिकार डॉक्टरांवर चालतो, तंत्रज्ञावर नाही. अण्णांनी एक पानी कबुली दिली की मुलगी सुटली. तिचे बोलणे संपायच्या आत अण्णांनी कोरा कागद पुढे ओढला. एकोणचाळीस वर्षांचे नाव पोरीच्या कामी येत असेल, तर त्याचा याहून चांगला उपयोग कोणता, असे त्यांना मनापासून वाटले.

मुलीने कागदावर हात ठेवला. "अण्णा, कॅप तोंडात कोणी बसवली?"

"तू."

"बसवताना टोकदार सळई कडेवरून चारी बाजूंनी फिरवायची असते. मी गालाकडून फिरवली, जिभेकडून नाही. का, सांगू? कॅप माझ्या बापानं केली होती म्हणून."

मैत्रीण म्हणाली, की हे वाक्य समितीपुढे चुकूनसुद्धा तोंडातून काढू नकोस.

"तेच काढणार आहे," मुलगी म्हणाली, आणि अण्णांकडे वळली. "अशा तुटक रेघा आणखी किती आहेत?"

हा प्रश्न अण्णांनी रात्रभर स्वतःला विचारायचा टाळला होता. दोघांनी मिळून छत्तीस खोकी उतरवली. दोन दिवस ती साचे पुढे सरकवीत होती आणि अण्णा भिंगातून पाहत होते. सहाशे बेचाळीस साचे निघाले. मुख्याध्यापिकांचा सोडून तुटक रेघ असलेले नऊ, सगळे मुलीचे. इतर डॉक्टरांच्या साच्यांत एकही नव्हता. मुलगी हसून म्हणाली, "लाडकी लेक असल्याचा लेखी पुरावा." अण्णांना हसू आले नाही, पण छातीवरचे ओझे थोडे हलले.

तिने नऊही जणांना स्वतः फोन केले आणि कारण न लपवता तपासणीला बोलावले. एकाने तोंडावर फोन आपटला आणि दुसऱ्या दिवशी सर्वांच्या आधी तोच येऊन बसला. दोघांच्या कॅपला फट सापडली. त्या काढून, नवी मापे घेऊन नव्या बसवल्या. दाढा वाचल्या.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होते, तीन सदस्य होते, आणि भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे होते. अण्णा मागच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसले. अध्यक्ष वयस्क डॉक्टर होते. त्यांनी सुरुवातीलाच नोंद करवून घेतली, की या तंत्रज्ञांना ते ओळखतात आणि तरुणपणी आपली सात मापे त्यांच्याकडून परत आली होती. तक्रारदारांची हरकत असेल तर ते उठतील.

"तुमचं काम सात वेळा परत पाठवणाऱ्याची ओळख मला चालेल," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मुलगी उभी राहिली. माप पुसट होते, ते आपण पाहिले नाही. कॅप तपासली नाही, कारण करणाऱ्यावर भरवसा होता. सही आपली, म्हणून दोष आपला. एवढे सांगून तिने नऊ साचे आणि नऊ तपासण्यांचे कागद टेबलावर मांडले. अध्यक्ष म्हणाले, की हे तर कोणी मागितले नव्हते.

"मागेपर्यंत थांबले असते, तर ते नुसतं खुलाशात गेलं असतं," ती म्हणाली. "तोवर दाढा गेल्याच असत्या."

मुख्याध्यापिकांना काही म्हणायचे आहे का, असे विचारले गेले. त्या सावकाश बोलल्या. "तक्रार मी मागे घेणार नाही. माझी दाढ गेली आहे. पण पस्तीस वर्षं मी मुलांच्या कबुल्या ऐकल्यात. पकडल्यावर दिलेली आणि आपणहून दिलेली, यांतला फरक मला कळतो. तेवढं लिहून घ्या."

निकाल तासाभराने आला. दोष सिद्ध, लेखी ताकीद, जी पाच वर्षे तिच्या नोंदणीपुढे राहील, स्थगिती नाही. मुलीने निकाल घेतला, दोनदा वाचला, आणि मग सही केली. ते दुसऱ्यांदा वाचणे पाहून अण्णांना पिशवीतला रुमाल शोधावा लागला. अकरा वर्षे तिचे एकही माप परत न करता जो अभिमान त्यांनी बाळगला होता, तो या एका ताकिदीपुढे त्यांना फिका वाटला.

चौथ्या दिवशी वरून एक माप आले. खालची दाढ. अण्णांनी ते भिंगाखाली फिरवले. जिभेकडे कड किंचित पुसट होती. त्यांनी चिठ्ठी लिहिली, तारीख घातली, सही केली, आणि जिना चढून स्वतः नेऊन दिली.

मुलीने चिठ्ठी वाचली, माप उजेडात धरले आणि मान हलवली. "पेशंट खुर्चीतच आहे. दहा मिनिटं द्या." मग चिठ्ठी घडी न करता तिने नोंदणीच्या प्रमाणपत्राच्या चौकटीत, काचेच्या कडेला खोचली.

दुसरे माप बारा मिनिटांनी आले. साचा वाळल्यावर अण्णांनी लाल पेन्सिल घेतली आणि जिभेकडूनच सुरुवात केली. दाढेभोवती पूर्ण फेरी होईपर्यंत पेन्सिल त्यांना एकदाही उचलावी लागली नाही.