गुरुवारची फोडणी

त्या बुधवारी दुसऱ्या पाळीची शाळा सुटून घरी आले, तेव्हा वहिनी पीठ लाटत होती.

"मास्तरीणबाई, हात धुवा आणि कापायला बसा."

"वहिनी, पाय मोडलेत माझे."

"कापायचं हातांनी असतं."

केस्मे हे आमच्याकडचं दमलेल्या दिवसाचं जेवण. मोठी पातळ पोळी लाटायची, घड्या घालून केसासारखी बारीक कापायची, चरबीत कांदा आणि थोडं मटण परतून पाणी उकळलं की त्यात सोडायची. मी कापलेल्या शेवया उचलून वहिनीने दादांना दाखवल्या.

"अहो, घोडा बांधायचा असेल तर सांगा. दोर तयार आहेत."

"पोटात गेल्यावर सगळे सारखेच," दादा म्हणाले आणि वाडगा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाईला पाणी पाजायला गेली आणि गोठ्याच्या दारातच कोसळली. शेजारी धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

वहिनी म्हणजे माझी आई. आमच्या नारिन भागात पहिलं मूल आजी-आजोबांचं. मला आजीने उचललं, तिलाच मी आई म्हणत वाढले. मग तिचा मुलगा तो माझा दादा आणि त्याची बायको ती वहिनी. एकाच अंगणात राहत होतो आम्ही, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आजी गेल्यावरही जिभेला दुसरं वळण लागलं नाही.

चाळिसावा दिवस झाला, पाहुणे पांगले. तोवर दर गुरुवारी कुणी ना कुणी कढई तापवत होतं. गेलेलं माणूस गुरुवारी घराकडे येतं. त्याला अन्न पोचत नाही, तापल्या चरबीचा वास पोचतो. तोही नाव घेऊन वाहिला तरच. नाहीतर ते उंबऱ्यावरून उपाशी परत जातं.

पाहुणे गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी दोन्ही पाळ्या करून आले. चूल विझलेली. दादा अंगात कोट घालून अंधारात बसले होते. इतके दिवस ते चहावरच होते.

"आज गुरुवार," ते म्हणाले.

"माहीत आहे."

बोरसोक, म्हणजे गुरुवारचे पिठाचे गोळे, तळायचे तर पीठ फुगेपर्यंत थांबायला हवं. तेवढं त्राण नव्हतं. केस्मेच करू, त्यातही चरबी तापतेच, असं ठरवून पीठ मळायला घेतलं. ते सैल झालं. पोळी फाटली, पुन्हा मळली, पुन्हा फाटली. तिसऱ्यांदा जेमतेम लाटली गेली, तोवर कढईतला कांदा काळा पडला होता. नुसत्या धुराचा वास. कढईतलं सगळं फेकून दिलं. घरात मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा एकच गोळा उरला होता.

मी पुष्कळ वाचलं आहे. गेलेली माणसं कढईपाशी येतात, यावर माझा विश्वास नाही. तरी वहिनी आज दारावरून परत जाईल या विचाराने मी तो शेवटचा गोळा कढईत टाकला. नवा कांदा चिरला.

चरबी वितळली. कांदा चुरचुरला. वास घरभर पसरला तसे दादा उठून कढईपाशी आले आणि त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले.

"म्हण."

"मी? तुम्ही म्हणा ना."

"माझा आवाज फुटत नाही, किमबात."

पाठ असलेल्या प्रार्थनेच्या ओळी मी म्हटल्या. मग नाव घ्यायचं.

"हा वास सोनुनबू वहिनीला..."

"वहिनी साऱ्या गल्लीची होती," दादा मध्येच म्हणाले. "तुझी कोण, ते सांग. नाहीतर दारोदार फिरत बसेल ती."

"आई म्हटलं तर आजीकडे जाईल, दादा."

"दोघी एकाच ठिकाणी असतील. घेतील भांडून."

त्यांचे ओठ हसल्यासारखे हलले. डोळे मात्र माझ्यावरच रोखलेले होते. कांदा कडेने तांबूस व्हायला लागला. कढई उतरवली तर वास थांबणार, ठेवली तर पुन्हा जळणार. आणि चरबी आता उरली नव्हती. दादा तळवे तसेच धरून उभे राहिले.

"आई," मी म्हणाले. ऐकूही आलं नसेल. मग दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "माझी आई सोनुनबू, तुझी मुलगी किमबात बोलतेय. आई, घरात ये."